दाढेचं झाड

बाबा,

आई एकदा एक वाक्य बोलली, ते तुम्हाला सांगायचं आहे. ती बोलली तेव्हा तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली होती, नाही तर तिथल्या तिथे तुम्हाला हाक मारून ऐकवलं असतं आणि तुम्ही चहाचा कप खाली ठेवून "परत म्हण" म्हणाला असतात. तुम्ही जिंकलात, बाबा. घासून नाही, काठावर नाही, चांगले पैकीच्या पैकी. पण ते वाक्य तसंच काढून तुमच्या हातावर ठेवलं तर मजा जाईल. तुम्ही आम्हाला 'आज बस लेट झाली' एवढी गोष्टसुद्धा खोपटच्या एसटी डेपोतल्या सकाळच्या चहापासून सांगायला घ्यायचात आणि आई म्हणायची, "अहो, घरी कधी पोचणार तुम्ही?" मीही तुमचीच मुलगी. मी कळव्यापासून सुरू करते.

कळव्याला आपण चाळीत होतो. दोन खोल्या, पण पुढे लांबलचक गॅलरी, आणि आईचा सगळा दिवस त्या गॅलरीत जायचा. तांदूळ निवडणं तिथे, माझी वेणी घालणं तिथे, शेजारणीशी भांडणं आणि लगेच तिच्याकडून विरजण मागून घेणं तिथेच. तुम्ही डोंबिवलीला तळमजल्यावरचा ब्लॉक घेतलात तेव्हा गॅलरी सुटली म्हणून तिला वाईट वाटलं, पण नवीन घराच्या मागच्या खिडकीतून थेट भाताचं शेत दिसायचं, बगळे यायचे, आणि सकाळचं ऊन मधल्या खोलीत पार कपाटापर्यंत यायचं. वास्तुशांतीला आलेल्या प्रत्येकाला तुम्ही आधी ती खिडकी दाखवलीत आणि मग देव. पहिलं वर्ष छान गेलं. मग एक दिवस त्या शेतात चुन्याच्या रेघा दिसल्या, मग खड्डे, मग खांब, आणि बघता बघता तिथे चार मजली बिल्डिंग उभी राहिली, इतकी जवळ की खिडकीतून हात बाहेर काढला तर त्यांच्या भिंतीचा गिलावा नखाला लागायचा. मधल्या खोलीत दुपारी बाराला ट्यूब लावावी लागायला लागली. तुमचा यात काडीचा दोष नव्हता. पण घर तुम्ही पसंत केलेलं, त्यामुळे ट्यूबचं बटण दाबलं की आई तुमच्याकडे बघायची. तुम्ही ड्युटीवर असलात तर माझ्याकडे.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मामा आला. आईचा धाकटा भाऊ, नौपाड्यात तिसऱ्या मजल्यावर राहणारा, गॅलरीत गुलाबाच्या कुंड्या असलेला आणि त्यांचा विषय कुठूनही काढू शकणारा. मधल्या खोलीत पाटावर बसला, आईनं ओवाळलं, तिनं ताट खाली ठेवलं आणि लाइट गेले. भर दुपारची वेळ, आणि आपण चौघं निरांजनाच्या उजेडात एकमेकांची तोंडं बघत बसलेलो. मामा हसला. म्हणाला, "भावोजी, राग मानू नका, पण इथे झाडसुद्धा जगायचं नाही. माणसांचं तुमचं तुम्ही बघा." मामा मनाचा वाईट नव्हता, जीभ तेवढी मोकाट. तुम्हीही हसलात. ते तुमचं हसणं मला माहीत होतं, डेपोत साहेब ओरडले की हसायचात तसलं. आई मात्र हसली नाही.

मामा गेल्यावर ती मोरीत भांडी घासता घासता बोलली. "माझा जीव घुसमटतो हो इथे. दिवस आहे का रात्र कळत नाही. घड्याळात बघून कुकर लावते मी. विकून टाका हे, परत कळव्याला जाऊ." तुम्ही म्हणालात, असं लगेच कसं विकणार. "लगेच नको," आई म्हणाली. "पुढच्या भाऊबीजेपर्यंत थांबते. तो म्हणाला ना, झाड जगायचं नाही? मग एक झाड जगवून दाखवा या मधल्या खोलीत. पुढच्या भाऊबीजेला हिरवं दिसलं तर मी परत हा विषय काढणार नाही. नाही दिसलं तर मी सामान बांधणार." रागातलं बोलणं होतं, तुम्ही ऐकून सोडून दिलं असतंत तरी चाललं असतं. पण तुम्ही दोरीवरचा टॉवेल ओढून हात पुसलेत आणि म्हणालात, "चालेल." आणि आई काही बोललेलं विसरणाऱ्यातली नव्हती. दिवाळी संपली त्याच आठवड्यात तिनं बाजारातून सुतळीचा मोठा गुंडा आणून कपाटावर ठेवला, येता-जाता दिसेल असा. सामान बांधायला. तो गुंडा वर्षभर तिथून आपल्याकडे बघत होता.

तुमचं पहिलं झाड जास्वंद. गावाला घरामागच्या परड्यात जास्वंदीला कुणी विचारत नाही आणि ती बारा महिने फुलते, तेव्हा ही कुठेही जगेल, असं म्हणत तुम्ही कल्याणच्या नर्सरीतून ती कळ्यांसकट आणलीत. कळ्या दोन दिवसांत गळल्या, पानं आठवड्यात. मग मोगरा. मग गुलाब, तो मला वाटतं मामाला चिडवायला. मग तुळस आणलीत, तेव्हा आईनं सरळ हात जोडले. "तुळस मरायला घालू नका माझ्या घरात. काय प्रयोग करायचेत ते दुसऱ्या कशावर करा." तुम्ही मुकाट्यानं ती जिन्याच्या तोंडाशी नेऊन ठेवलीत, तिथे ऊन होतं, ती तरारली, पण ती पैजेत धरायची नाही हे तुम्हीच जाहीर केलंत. तुम्ही झाड निवडायचात ते फूल बघून. नर्सरीत उन्हात डोलणारं काही दिसलं की तुमचा जीव त्याच्यावर जायचा आणि आपण त्याला उचलून आपल्या अंधारात आणून बसवायचो. आज माझ्यासमोर कुणी असं केलं तर मी त्याची खरडपट्टी काढते. पण तेव्हा मी पिशवी धरून तुमच्या मागे उभी असायचे आणि म्हणायचे, "बाबा, तो पिवळावाला घेऊया ना."

आणि पाणी. आपल्याकडे नळाला सकाळी तासभर पाणी. ते आलं की हंड्या-कळशीतलं आदल्या दिवशीचं शिळं पाणी ओतून ताजं भरून घ्यायचं, घरोघरी तेच. शिळं पाणी पिववत नाही आणि फेकवतही नाही. एकदा मी शाळेच्या घाईत अर्धी कळशी मोरीत रिकामी केली, तर माझ्यावर कधी आवाज न चढवणारे तुम्ही, तोंडाला दाढीचा साबण तसाच, बाहेर आलात. "बाय, डोंबिवलीत राहून पाणी मोरीत ओततेस? बाहेरच्या नळावर बायका कशा भांडतात ते दिसत नाही तुला?" मी शाळेपर्यंत रडत गेले. त्या दिवसापासून शिळं पाणी कुंड्यांत. रोज, न चुकता. डेपोतून आणलेल्या ऑइलच्या रिकाम्या डब्यांना खिळ्यानं भोकं पाडून तुम्ही कुंड्या केल्या होत्या, आणि लादी ओली होऊ नये म्हणून आईनं त्यांच्याखाली जुन्या ताटल्या सरकवल्या होत्या. त्या ताटल्या कायम काठोकाठ भरलेल्या. झाड पिवळं पडायला लागलं की तुम्ही काळजीनं वाकून बघायचात, "तहान लागलीय बिचाऱ्याला" म्हणायचात आणि आणखी एक तांब्या. हे लिहिताना मला हसू आवरत नाहीये.

मे महिन्यात पैज हरल्यात जमा होती. मधल्या खोलीत भिंतीशी डबे आणि डब्यांत काटक्या. तुम्ही जेवताना बोलेनासे झालेलात, आणि तुम्ही बोलत नाही म्हटल्यावर घर दुप्पट अंधारं वाटायचं. एका रविवारी तुम्ही मेलेल्या मोगऱ्याचा डबा उचलून बाहेर निघालेलात. आई विळीवर भेंडी चिरत होती. मान वर न करता म्हणाली, "तुमच्या गावच्या विहिरीत आत कुठे ऊन पोचतं हो? तरी आतून सगळीकडे नेचे लोंबत असतात. ते काय कुणी नर्सरीतून आणून लावलेत?" तुम्ही डबा घेऊन उंबऱ्यावर तसेच उभे. मीही हातातलं पुस्तक सोडून बघत राहिले. ज्या बाईला पैज जिंकून कळव्याला जायचं होतं तिनंच हे सांगितलं. मला तेव्हा वाटलं, बोलण्याच्या ओघात गेलं तोंडातून. आता मला खात्री आहे की तिलाही जायचं नव्हतं. तिला फक्त कुणी तरी जिंकून दाखवायला हवं होतं, आणि ते कुणी तरी तुम्हीच असायला हवे होतात.

त्यानंतर तुम्ही नर्सरीचं नाव काढलं नाहीत. नर्सरीत सगळीच झाडं गोड दिसतात, तुम्ही म्हणालात, आता झाड बघायचं नाही, जागा बघायची. जिथे दिवसा ट्यूब लागते आणि तरीही एखादं झाड उभं आहे, अशी जागा शोधायची आणि तिथलं आणायचं. मग आपण दोघं सुट्टीच्या दिवशी अंधाऱ्या जागा हुडकत फिरायला लागलो. लोक मुलींना बागेत नेतात, तुम्ही मला खानावळीच्या मागच्या खोलीत, फोटो स्टुडिओच्या बोळात आणि लग्नाच्या हॉलच्या जिन्याखाली नेलंत. आंबिवलीला तुमच्या मित्राच्या घरामागे ओढा होता, दोन्ही काठांना दाट झाडी, तिथल्या दगडांतून आपण नेचे मुळांसकट खरवडून आणले, येताना माझ्या चपलेचा अंगठा तुटला. आणि दुसरं झाड तर तुमच्या नाकासमोरच होतं. डेपोत तुम्ही पार्ट्सच्या स्टोअरला होतात, त्या स्टोअरच्या मागे, पत्र्याखाली, ग्रीसच्या पिंपाशेजारी एक मनीप्लांट भिंतीवर चढलेला होता. कुणी लावला कुणाला ठाऊक नाही. तुम्ही त्याच्या बाजूनं वर्षानुवर्षं गेला होतात. घरी आणलेली त्याची फांदी आईसमोर धरून तुम्ही म्हणालात, "हा बघ, आमच्यातलाच निघाला."

आता दाढ. ठाण्याला स्टेशनजवळ एका दातांच्या डॉक्टरांचा दवाखाना होता. बाहेर बसायची खोली, तिला खिडकीच नव्हती. डेपोतल्या कुणाच्या तरी सोबत तुम्ही तिथे गेलेलात आणि येऊन तुमचं एकच पालुपद, "कोपऱ्यात एक झाड आहे, तलवारीसारखी उभी पानं, कडेला पिवळी पट्टी. ताठ उभं आहे एकदम, डबल ड्युटी केलेल्या कंडक्टरसारखं. तिथे उजेड नावाला नाही." पुढच्या शनिवारी तुम्ही मला घेऊन गेलात. बाहेर बसलेल्या बाईंना सांगितलंत, या झाडाच्या बाजूला जे पिल्लू फुटलंय तेवढं द्याल का. बाई म्हणाल्या, ते डॉक्टरांना विचारा, आणि पेशंट असल्याशिवाय डॉक्टर भेटत नाहीत. तुम्ही माझ्याकडे बघितलंत, बाकावर टेकलात आणि म्हणालात, "मग लिहा माझं नाव." तुमची मागची दाढ कित्येक महिने ठणकत होती हे खरं, लवंग चघळून तुम्ही वेळ मारून नेत होतात. पण दाताच्या डॉक्टरला तुम्ही किती घाबरायचात हेही खरं. आत डॉक्टरांनी बॅटरी मारून बघितलं आणि ही काढावीच लागेल म्हणून सांगितलं. तुम्ही बाहेर आलात तेव्हा गाल टम्म, तोंडात कापसाचा बोळा, आणि डॉक्टर स्वतः तुमच्या मागे. तुम्ही बोट करून झाड दाखवलंत. बोलता येईना, म्हणून मी बोलले. डॉक्टर हसायलाच लागले. "ते होय? माझ्या वडिलांच्या वेळचं आहे ते. त्याच्याकडे बघतं कोण? घ्या की." आणि त्यांनी बाईंकडून सुरी मागवून पिल्लू मुळासकट काढून दिलं. बघतं कोण म्हणजे काय, पाणी किती, कधी, हे विचारायला हवं होतं. पण तुमच्या तोंडात बोळा, आणि मला कुठे अक्कल. घरी आईनं तुमचा गाल बघितला, वर्तमानपत्रात गुंडाळलेलं झाड बघितलं आणि खुर्चीवर बसून घेतलं. "एका फांदीसाठी दाढ काढून घेतलीत?" मग तिनं तुम्हाला मऊ भात करून वाढला आणि झाडाचं नाव ठेवलं दाढ. त्याच्या खऱ्या नावानं आपण त्याला कधीच हाक मारली नाही.

तर आपल्याकडे आता अंधारात जगलेली झाडं होती. जागा बघून निवडलेली, कसाला लागलेली. आणि ऑगस्टमध्ये तीही पिवळी पडायला लागली. मनीप्लांटची खालची पानं गळाली, नेच्यांची टोकं काळी, आणि दाढ बुंध्याशी हाताला मऊ लागायला लागली. तुमचा चेहरा मला आठवतो. चिडला नव्हतात, थकला होतात. मला म्हणालात, "बाय, मामा खरं बोलला असेल काय गं?" मला त्या क्षणी मामाचा इतका राग आला की त्याच्या गॅलरीतले सगळे गुलाब उपटावेसे वाटले. आई स्वयंपाकघरातून ऐकत होती. तिनं कपाटावरच्या सुतळीकडे बघितलं नाही, एवढं मी बघितलं.

मग गणपती आले आणि आपण गावी निघालो. आपल्या बिल्डिंगीत गणपतीला किल्ली ठेवायला माणूस उरत नाही, अख्खी बिल्डिंगच कोकणात. कुंड्यांना पाणी कोण घालणार म्हणून तुम्ही वर-खाली दारं वाजवून आलात, प्रत्येक घरात सामान बांधणं चाललेलं. निदान निघताना भरपूर पाणी घालून जाऊ म्हणालात, तर त्या दिवशी नळच आला नाही. होतं तेवढं पाणी बाटल्यांत भरून प्रवासाला घेतलं आणि झाडं कोरडीच ठेवून कुलूप घातलं. गावी आरतीला तुमचं लक्ष नाही, भजनाला नाही, काकांनी विचारलं याला काय झालंय, तर आई म्हणाली, "घरी पेशंट ठेवून आलेत." दोन आठवडे ती तुम्हाला चिडवत होती, आणि पानात मोदक मात्र सगळ्यांपेक्षा जास्त वाढत होती.

परत आलो तो क्षण मी आता असा लिहितेय की जणू दारातच उभी आहे. तुम्ही कुलूप काढता. बंद घराचा कुबट वास. हातात नारळांची पिशवी, खांद्यावर तांदळाचं गाठोडं, तुम्ही ते खाली न ठेवताच मधल्या खोलीत जाऊन बटण दाबता. ट्यूब दोनदा लुकलुकते आणि लागते. ताटल्या कोरड्या ठणठणीत. माती डब्याच्या कडेपासून सुटलेली. आणि मनीप्लांटच्या टोकाला नवीन पान, पोपटी, अजून पुरतं उलगडलेलंही नाही. नेच्यांत बारीक बारीक गुंडाळ्या वर आलेल्या. दाढेचा बुंधा टणक, आणि मधोमध एका पानाची सुरळी सरळ वर निघालेली. तुम्ही वाकून तिला हात लावता, मग ताटलीला, मग मातीला, आणि तसेच गाठोड्यासकट जमिनीवर बसता. "पाणी," तुम्ही म्हणता. "अंधार नव्हता मारत त्यांना. आपण बुडवत होतो." आई तुमच्या खांद्यावरून बघते, पदर तोंडाला लावते आणि म्हणते, "तुम्ही घरात नव्हतात म्हणून जगली ती." आणि मग तुम्ही जे हसायला लागलात ते तुम्हाला थांबवेना. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसलात, मी हसले, आई तर भिंतीला टेकून. त्या घरात आपण तिघं एकदम असे हसलो ते बहुधा पहिल्यांदाच.

जिथे ऊन नाही तिथे झाड पाणी थोडंच पितं, एवढी साधी गोष्ट. आपण शिळ्या पाण्याला जीव लावून एकामागून एक सगळ्यांना जलसमाधी दिली होती. त्या दिवसापासून नियम झाला, आधी बोट मातीत खुपसायचं, दुसऱ्या पेरापर्यंत कोरडं लागलं तरच पाणी. शिळं पाणी जिन्यापाशी तुळशीला आणि समोरच्या नारळाला. मोरीत तरीही नाही. ते तुम्ही मरेपर्यंत कुणाला ओतू दिलं नाहीत.

भाऊबीजेला मामा आला. तुम्ही मुद्दाम काही सांगितलं नाहीत, नुसता पाट मांडून दिलात. मनीप्लांट तोवर डब्यातून उतरून लादीवर लोळायला लागलेला, नेच्यांचा झुबका खिडकीच्या कट्ट्यावर, आणि दाढ कपाटाशेजारी खांद्याला खांदा लावून उभी. मामा बसला आणि एकेका झाडाकडे मान वळवून बघायला लागला. आईनं ओवाळलं, ताट ठेवलं, आणि ती स्टुलावर चढली. कपाटावरून सुतळीचा गुंडा काढला, फुंकर मारून धूळ उडवली आणि तुमच्या हातात दिला. "हा वेल पायात येतोय माझ्या. बांधून घ्या जरा वर," म्हणाली. तुम्ही गुंडा घेतलात. बराच वेळ तुम्हाला त्याचं टोकच सापडेना. शेवटी मामाच म्हणाला, "भावोजी, एखादी फांदी द्या की मलाही." आणि तुम्ही वळून, अगदी गंभीर चेहऱ्यानं, "दाढ दुखतेय का तुझी एखादी?"

पुढचं तुम्हाला माहीतच आहे, पण मला लिहायची हौस आहे. आजूबाजूला बिल्डिंगी एकमेकींना चिकटून उभ्या राहत होत्या आणि तळमजल्यावरचे सगळे आपल्यासारखेच अंधारात जात होते. ते विचारत यायला लागले, काका, आमच्याकडे काय जगेल? तुम्ही कधी ऐकीव सांगितलं नाहीत. सुट्टीच्या दिवशी भर दुपारी त्यांच्या घरी जायचात, ट्यूब बंद करायला लावायचात आणि जिथे कुंडी ठेवायची तिथे वर्तमानपत्र उघडून उभे राहायचात. बारीक अक्षर वाचता आलं तर नेचे, किंवा पांढऱ्या ठिपक्यांच्या रुंद पानांची डिफनबेकिया. पण लहान मूल असलेल्या घरात डिफनबेकियाचं नाव काढायचं नाही, तिचा चीक तोंडात गेला तर जीभ सुजते. नुसते ठळक मथळे दिसले तर मनीप्लांट. आणि पेपर हातात आहे एवढंच कळलं तर दाढ, आणि तिलासुद्धा महिन्यातून थोडे दिवस जिन्यात नेऊन आराम द्यायचा. "माणसाला वीकली ऑफ लागतो, हिला नको?" जे झाड तुमच्याकडून जायचं त्याच्यासोबत बजावणी जायची, की शिळं पाणी घालाल तर परत घेऊन जाईन. आळीत तुम्हाला अंधारवाले काका म्हणायला लागले. आईला ते नाव आवडायचं नाही, तुम्हाला फार आवडायचं. ज्या अंधारापायी तुम्ही खाली मान घालून हसला होतात, त्याच अंधारातले लोक आता तुम्हाला मानानं बोलावून नेत होते. मला अजूनही त्याचा अभिमान वाटतो आणि तो मी लपवत नाही.

तर ते वाक्य. तुम्ही गेल्यावर आई एकटीच राहत होती. माझं लग्न झालेलं, नोकरी चांगली चाललेली, आणि आम्ही ठाण्याला वरच्या मजल्यावर घर घेतलं. हॉलला मोठी खिडकी, समोर काहीच नाही, दिवस उजाडल्यापासून घरभर ऊन. लहानपणी मी ज्या उन्हासाठी तळमळले ते सगळं मी घेतलं. घर लागल्यावर पहिली डोंबिवलीला गेले ती आईला न्यायला. म्हटलं, आई, चल आता. तुझी खोली तयार आहे. किती वर्षं काढलीस या अंधारात. तिनं चहा टाकला. मग मधल्या खोलीत आली, मनीप्लांट सुतळीवरून छताला टेकून परत खाली उतरायला लागलेला, तो बाजूला सारून दाढेच्या मातीत बोट घातलं, साडीला पुसलं. "तुझ्याकडे ऊन येतं ना गं?" मी मोठ्या तोऱ्यात म्हटलं, "दिवसभर." आई म्हणाली, "मग कसं जमायचं? माझ्या झाडांना ऊन सोसायचं नाही."

माझ्या झाडांना, बाबा. तुमच्या नाही, या घराच्या नाही. जिचा जीव घुसमटत होता, घड्याळात बघून जी कुकर लावत होती, ती बाई उन्हातलं घर नको म्हणाली. मी खूप समजावलं, चिडलेसुद्धा, आणि परतीच्या वाटेवर मला एकदम तुमचा चेहरा आठवला आणि मी रस्त्यात एकटीच हसत सुटले. ती शेवटपर्यंत तिथेच राहिली. मला दुःख कशाचं असेल तर एवढंच, की हे ऐकायला तुम्ही नव्हतात, आणि त्या भाऊबीजेला सुतळी देताना तुम्हाला जे सांगायचं तिनं टाळलं ते तिनं मला सांगितलं.

आता दाढ माझ्याकडे आहे. ती त्याच डब्यात नाही, डबा केव्हाच गंजून गेला, पण झाड तेच. माझ्याकडे आली त्याच आठवड्यात उन्हानं तिच्या पानांवर पांढुरके चट्टे पडले. हे पत्र टाकायला पत्ता नाही, आणि तिची कुंडी लादीवर जरा डुगडुगते, तेव्हा घडी घालून तिच्याखालीच सरकवून देईन. एक मात्र कबूल करते, कुणाला सांगू नका. दुपारचा एक वाजलाय, बाहेर लख्ख ऊन आहे, आणि मी हॉलचे दोन्ही पडदे ओढून, ट्यूब लावून बसलेय.